यजमान : अज्ञात

मादी. लांबी एक पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर.
एवढं लिहायला मला अकरा दिवस लागले.

अंजनेरीच्या दुसऱ्या टप्प्यावर करवंदीच्या जाळीखाली
कौतिकबाईंनी मांडलेल्या पिवळ्या ताटल्या,
भद्रकालीतून डझनाच्या भावाने आणलेल्या,
निम्म्यापर्यंत साबणाचं पाणी.
पिवळ्याला फूल समजून जे जे आलं, ते बुडालं.
चहाच्या गाळणीत तुडतुडे, चिलटं, पंखवाल्या मुंग्या,
आणि कौतिकबाई म्हणाल्या, मॅडम, ही येगळीये.
त्यांना चष्मा नव्हता. माझ्याकडे दोन होते.

डोकं समोरून पाहता रुंदीपेक्षा उंच.
शृंगिका अकरा खंडांच्या, टोकाशी फिकट.
पाठीवर खवल्यांची बारीक जाळी, आणि रंग…
रंगापाशी मी अडले.
'धातुवत हिरवा' असं लिहायची रीत आहे. लिहिलं.
पण माळ्यावरून काढलेल्या घंगाळाच्या काठाला
चिंच लागायच्या आधी जो असतो, तो हिरवा.
शोधनिबंधात घंगाळ चालत नाही.

पंखात एकच शीर, तीही अर्ध्यात थांबलेली.
अंडनलिका पोटाबाहेर जेमतेम डोकावणारी.
ती दुसऱ्याच्या जित्या अंगात टोचायची,
मग आतलं पिल्लू आधी चरबी खातं,
काळजाला सगळ्यात शेवटी हात घालतं,
तोवर तो बिचारा पानावर चालत राहतो.
स्टाफरूममध्ये देवधर बाई विचारतात, बघवतं कसं तुला?
मी म्हणते, त्याला रकाना नाही.

रकाना आहे तो यजमानाचा.
म्हणजे ज्याच्यावर जगायचं, तो.

हा शब्द मी रामकुंडावर शिकले.
अण्णा पहाटे सीबीएसवर जाऊन उभे राहत,
उतरणाऱ्याला आडनाव विचारत, मूळ गाव विचारत,
दुपारी घरी येऊन सांगत, आज तीन.
तीन यजमान म्हणजे आठवड्याचा किराणा.
मग लाल फडक्यातून लांबट चोपडी सुटे,
अमक्याचा तमका, त्याचा फलाणा,
सात पिढ्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत जाणाऱ्या,
बायका 'भार्या' एवढ्यावर उरकलेल्या.
माझं अक्षर चांगलं, म्हणून दोन उन्हाळे
वाळवी लागलेल्या पानांच्या नकला मी केल्या.
चोपड्या दादाकडे गेल्या. जाणारच होत्या.

आता टाचणीखाली चिठ्ठी, त्याच अक्षरात, मुंगीएवढ्या :
नाशिक, अंजनेरी, करवंद, तारीख.
गोळा करणार कौ. गांगुर्डे.
हिच्या आधी हिच्या कुळात कुणाची नोंद नाही.
नर : अज्ञात.
हे लिहिताना हात जरा जास्तच मोकळा चालला,
कबूल करते.

कौतिकबाई टेबल पुसता पुसता वाचतात,
यजमान अज्ञात म्हंजी? नवरा कोन त्ये ठावं नाही?
तसं नव्हे, म्हटलं. पण नवरा नसला
तरी हिच्या जातीत पोरं होतात बहुधा.
फडकं थांबलं. बिगरनवऱ्याची?
हो. फक्त ते सगळे मुलगेच निघतात.
मंग, त्या म्हणाल्या, तुमच्या दादाची चोपडी भरंल की वो!
आणि दोघी इतक्या हसलो
की श्वासाने नमुना उडेल म्हणून मी बशी झाकली.

नाव मात्र ठरेना.
सर फोनवर म्हणाले, डोंगराचं दे, वाद नसतो.
डोंगराला काय, त्याची नोंद सगळीकडे आहे.
मी कौतिक लावलं. पुढे लॅटिनची शेपटी,
बाईची असते ती वेगळी, पुरुषाची वेगळी.
बाईची लावली.

त्यांना दाखवलं. नावाकडे नुसतं बघितलं,
मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आधी नको तोच मिटला,
मग बराच वेळ काही नाही.

मॅडम, हिचा एक पाय मोडलाय.
लिहिलंय, म्हटलं. उजवा, मागचा, गुडघ्याखाली नाही.
बुडताना धडपडली आसंल.

ते लिहिलेलं नाही.